बदली कधी मिळेल?

समजा, तुमची पहिली नोकरी लागली. पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं, घरी पेढे वाटून झाले. मग शाळेचं गाव कळलं: मोखाडा तालुक्यातला एक पाडा. तुम्ही लातूरचे. पहिला प्रश्न कोणता पडेल? 'शाळा कशी आहे?' की 'बदली कधी मिळेल?'

माझ्या मैत्रिणीला दुसरा पडला. खोटं कशाला बोलू, मलाही तोच पडला. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. रेंजसाठी टेकाडावर चढली होती. "अगं, मुलं माझ्याशी बोलतच नाहीत. मी बोलले की एकमेकांकडे बघून हसतात." मी मोठ्या जाणकारासारखं सांगितलं, "नाशिकला रूम घे, अप-डाऊन कर आणि दोन-तीन वर्षं काढ कशीतरी." तो सल्ला चुकीचा होता, असं आज मला वाटतं.

जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी असे कितीतरी समाज राहतात. घरात बोलली जाते ती भाषा पाठ्यपुस्तकातली नाही. पुस्तकात नाचणी असते, त्यांच्या शेतात नागली. त्यामुळे पहिलीतलं पोर मराठी शाळेत बसलं तरी ते परक्या भाषेतच बसलेलं असतं. आणि आपण म्हणून मोकळे होतो, 'इथली मुलं लाजरी आहेत.'

परक्या मुलखात जाऊन शिकवणं आपल्याकडे नवं नाही. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनरी शिक्षिका १८२७ मध्ये महिनोनमहिने जहाजाचा प्रवास करून मुंबईला आली. मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे नगरला गेली. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचे धडे घेतले ते नगरला, या फरारबाईंकडे. १८६२ मध्ये बाई नगरलाच वारल्या. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता. त्यावर वाद घालायचा तर जरूर घाला. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. शिकवायला आलेली ही बाई आधी स्वतः विद्यार्थी झाली.

एवढं लांब जायचं नसेल, तर आपल्या पालघर जिल्ह्यातच बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग त्यांनी शाळाच कुरणात नेली!

मग काय, प्रत्येकाने अनुताई व्हायचं? नाही हो. बाविसाव्या वर्षी शैक्षणिक कर्जाचा हप्ता असतो, घरी आई-बाबा असतात. दुसऱ्याकडून त्याग मागणं फार सोपं असतं. माझं मागणं त्याहून साधं आहे आणि ते सरकारकडे आहे. नव्या शिक्षकाला पहिला महिना पुस्तक उघडायला लावू नका; पाड्यावर फिरून भाषा शिकू द्या. 'मुख्यालयी राहा' असा नियम आहे, पण राहायला खोली कुठाय? एकटी मुलगी राहील अशी, आतून कडी लागणारी, पाणी आणि संडास असलेली खोली द्या. धो-धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा हा भाग आहे, हे विसरू नका.

'त्यापेक्षा स्थानिकांनाच घ्या ना,' असं कोणी म्हणेल. अगदी रास्त आहे. जव्हार-मोखाड्यातल्या डीएड झालेल्या तरुणांना आधी संधी मिळायलाच हवी. पण कोकणा शिक्षकालाही कातकरी मुलांची भाषा शिकावीच लागते.

आणि राहण्याने फरक पडतो तो दिवाळीनंतर. भात-नागलीची कामं उरकली की कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलंही सोबत जातात. अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकाला हे हजेरीपटावरून कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. पाड्यावर राहणाऱ्याला घराला कुलूप लागायच्या आदल्या दिवशी कळतं. तो जाऊन म्हणू शकतो, "पोरीला आजीकडे राहू द्या, मी लक्ष देतो." त्या मुलीचं वर्ष त्या एका संध्याकाळवर अवलंबून असतं.

मैत्रिणीने माझा सल्ला ऐकला नाही, बरं झालं. तिने मोखाड्यात खोली घेतली. रोज वर्गात एक वस्तू नेते आणि विचारते, "याला तुमच्या घरी काय म्हणता?" मुलं सांगतात, ती वहीत लिहिते. तिने चुकीचा उच्चार केला की वर्ग खो-खो हसतो. पण आता मुलं बोलतात. बदलीचा अर्ज ती भरेलही उद्या, त्यात गैर काही नाही. जाईपर्यंत मात्र ती तिथे असेल.

पुढच्या यादीत तुमचं नाव असेल, तर 'बदली कधी?' हे जरूर विचारा. फक्त तो पहिला प्रश्न नको.