पोट सुटले, प्रश्न सुटला नाही

‘अंगाने भरला आहे, खात्यापित्या घरचा दिसतो,’ हे वाक्य नगर जिल्ह्यात, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरात, अजूनही कौतुकाने उच्चारले जाते. ज्या भूमीने दुष्काळ भोगले, तिथे भरलेले अंग हे सुबत्तेचे लक्षण ठरावे, यात नवल नाही. पण काळ पालटला, कौतुक मात्र तसेच राहिले. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १२.६ टक्के स्त्रिया व ९.३ टक्के पुरुष अतिवजनी वा स्थूल आढळले होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २४ व २२.९ टक्क्यांवर गेले. ही सुबत्ता नव्हे. मधुमेह आणि हृदयविकाराला दिलेले आमंत्रण आहे.

दोष कोणाचा? एक उत्तर तयारच असते : जिभेवर ताबा नसलेल्या व्यक्तीचा. दुसरे त्याहून सोयीचे : पाश्चात्त्य खाद्यसंस्कृतीचा. पिझ्झा आणि शीतपेयांनी हानी केली, हे खरेच. परंतु दोनदा नकार देऊनही पंगतीत तिसऱ्यांदा वाढली जाणारी जिलेबी पश्चिमेकडून आलेली नाही. आग्रहालाच अगत्य मानण्याची सवय घरचीच आहे. चरकाचार्यांनी अतिस्थौल्याची कारणे सांगताना गुरू, मधुर व स्निग्ध आहाराच्या जोडीला व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांचीही गणना केली होती. आयुर्वेदाचा अभिमान बाळगायचा आणि दुपारी ताणून द्यायची, हा कोणता अभिमान?

आशियातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचा गौरव होतो, तो याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कार्याने शेतकऱ्याला मान दिला. मात्र साखर पिकवणे हा पुरुषार्थ असला, तरी ती दिवसभर पिणे हा पुरुषार्थ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली इष्ट मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे आहे. दोन-दोन चमच्यांच्या तीन कप चहातच ती संपते. घरोघरी चहाला नाही म्हणणे हा अपमान समजला जात असेल, तर हे पथ्य कोणी व कसे पाळावे?

स्थूलता हा केवळ श्रीमंतांचा रोग आहे, हाही भ्रमच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांत केलेल्या अभ्यासाने दाखवले, की सरासरी २.७ किलो वजनाची तिथली नवजात बालके स्नायूंनी कृश असली, तरी त्यांच्या शरीरात चरबी तुलनेने टिकून असते. पाथर्डीसारख्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या अर्धपोटी मातेचे मूल पुढे शहरात बैठ्या कामाला लागले, की मेद आणि मधुमेह त्याला सहज गाठू शकतात. आईच्या ताटात कमी वाढणारा समाजच पुढे मुलाच्या पोटाला हसतो.

सर्वांत मोठा अन्याय गृहिणीवर होतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील ४२ टक्के पुरुष, तर तब्बल ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हत्या. ‘ती दिवसभर राबतेच की,’ असे म्हणून तिचा प्रश्न निकालात काढला जातो. जाते गेले, पाणी शेंदणे गेले; ते जाणे इष्टच होते. पण त्या जागी मोकळे चालणे आले नाही. उरलेले अन्न टाकवत नाही म्हणून तीच संपवते, आणि संध्याकाळी फिरायला निघाली तर ‘हिला घरात काम नाही वाटते,’ हे तिलाच ऐकावे लागते.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला, तेव्हा जिल्ह्याने टाळ्या वाजवल्या. तिथेच न थांबता ते वाण ताटात यायला हवेत. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी स्वयंपाकातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा आधी विचारावा, पंगतीतला आग्रह थांबवावा, आणि घरच्या लक्ष्मीला रोजचा अर्धा तास हक्काने द्यावा. एवढेही ज्या घराला जमत नाही, त्याने स्थूल माणसाला संयमाचा उपदेश करू नये.