आधी तक्ता, मग चौकशी

वजनकाट्यावर उभे राहायचे, आकडा ऐकायचा, तीन महिन्यांचे पॅकेज की सहा महिन्यांचे ते ठरवायचे आणि स्कॅनरवर पैसे भरायचे. घरी पोहोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर डाएट चार्ट आलेला असतो. वर नाव तेवढे बदललेले. खाली सकाळच्या कोमट लिंबूपाण्यापासून रात्रीच्या सूपपर्यंत सारे शेजारणीच्या चार्टसारखेच. आहारतज्ज्ञाची पहिली भेट आता अनेक ठिकाणी अशी दहा मिनिटांत उरकली जाते, आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटत नाही. यात पैशांची फसवणूक होते हे खरे. पण तेवढ्यासाठी हा मजकूर लिहिण्याचे कारण नव्हते. चिंता वेगळी आहे. या दहा मिनिटांत समोरचा माणूस कोणत्या गोळ्या घेतो, हे कुणी विचारतच नाही आणि ते प्रसंगी जिवावर बेतू शकते.

आहारतज्ज्ञाकडे आज कोण जाते, हे पाहिले की प्रश्नाचा आवाका कळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे सांगितले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी साडेतेरा कोटी. प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. म्हणजे ‘जरा चार किलो कमी करायचेत’ म्हणत येणारा पन्नाशीचा माणूस बहुतेकदा खिशात गोळ्यांची पट्टी घेऊनच येतो. ती पट्टी न पाहता त्याला तक्ता देणे म्हणजे ॲलर्जी न विचारता इंजेक्शन टोचणे होय.

उदाहरणेच द्यायची तर ग्लिमेपिराइडपासून सुरुवात करू. स्वस्त, जुनी, गावोगाव दिली जाणारी मधुमेहाची गोळी. ती पोटात गेली की स्वादुपिंडातून इन्शुलिन बाहेर पडते, मग माणूस जेवलेला असो वा नसो. अशा माणसाला ‘सोळा तास काही खाऊ नका’ असे सांगितले आणि गोळीचा डोस तसाच ठेवला, तर साखर घसरून तो रस्त्यात कोसळू शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या पेटंटची मुदत संपल्यावर स्वस्त झाल्या आणि घराघरांत पोहोचल्या. त्या घेणाऱ्याला भात-पोळी पूर्ण बंद करून कीटो आहारावर ठेवले तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका वाढतो. यातली खरी गोम अशी की, ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. मळमळ, उलट्या आणि धाप यांना घरचे लोक ‘डाएट लागू पडतंय’ असे समजतात आणि रुग्णालय गाठायला उशीर होतो.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेणाऱ्यांची गतही निराळी नाही. ही गोळी शरीरात पोटॅशियम रोखून धरते. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते आणखी साठते. त्यावर चार्टमध्ये रोज शहाळ्याचे पाणी, पालकाची स्मूदी आणि ‘हेल्दी’ म्हणून लो-सोडियम मीठ! या मिठात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो, हे किती जणांना ठाऊक असते? पोटॅशियम मर्यादेबाहेर गेले की हृदयाचे ठोके बिघडतात. हृदयाची झडप बदललेल्या आणि रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्या माणसाला पालेभाज्या वर्ज्य नाहीत, पण त्यांचे प्रमाण एकदम दुप्पट केले तर औषधाचा परिणाम उतरतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि चार्टमधले सकाळी सहाचे जिरेपाणी व भिजवलेले बदाम नेमके तिच्याच वेळेवर बसवलेले असतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. त्याच्या पायांना मुंग्या येतात का, हा एक प्रश्न पुरतो. विचारणार कोण?

त्यात २०२५ पासून वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांची भर पडली आहे. टिर्झेपटाइड, सेमाग्लुटाइड घेणाऱ्याची भूक मुळातच मेलेली असते. चार घासांत पोट भरते. अशा माणसाला कमी कसे खावे हे शिकवण्याची गरज नसते. त्या चार घासांत पुरेशी प्रथिने कशी बसवावीत आणि स्नायू कसे टिकवावेत, हे सांगावे लागते. ही इंजेक्शने घेतो हे काही लोक लाजेने लपवतात. ते बाहेर यायला दहा मिनिटे आणि उघडे काउंटर उपयोगी पडत नाहीत.

वजनकाट्याचे प्रस्थही अवास्तव आहे, आणि हे पुण्यातल्या लोकांनी तरी विसरू नये. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात लपलेली चरबी काटा दाखवत नाही, हे एका छायाचित्रात जगाला कळले. त्याच शहरात आजही कमरेभोवती टेप न लावता केवळ किलोंवर पॅकेज विकले जाते. टेपची किंमत वीस-तीस रुपये.

मग पहिल्या भेटीत करायचे काय? निदान पाऊण तास ऐकायचे. अभ्यासक्रमात हे शिकवले जाते: आधी परीक्षण, मग पोषणविषयक निदान, मग उपाय आणि शेवटी पाठपुरावा. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये मांडलेली ही चार पायऱ्यांची रीत आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही पाठ असते. धंद्यात उतरल्यावर पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारली जाते, कारण ग्राहकाला दाखवता येते ती तेवढीच.

ऐकणे ही सोपी गोष्ट नाही. ‘नाश्ता करता ना?’ असे विचारले की ‘हो’ हेच उत्तर येते. ‘काल उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेले?’ असे विचारले की चहा निघतो, चहाबरोबरची बिस्किटे निघतात. मराठी माणसाला जेवणाबद्दल विचारा, तो म्हणेल, ‘विशेष काही नाही, आपलं पोळी-भाजी, वरण-भात.’ इथे थांबले तर सगळेच हुकले. कालच्या दिवसावरून एकदा मोकळेपणाने बोलू द्यावे, मग दुसऱ्यांदा मागे जाऊन सुटलेले वेचावे: ऑफिसातला चार वाजताचा वडापाव, स्वयंपाक करताना चाखलेले, मुलाच्या ताटात उरले म्हणून संपवलेले. तिसऱ्या फेरीत समोर खरी वाटी आणि खरा चमचा ठेवून माप विचारावे. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे चाळीसएक ग्रॅम साखर झाली. तिचा उच्चारही पहिल्या फेरीत झालेला नसतो. लोक खोटे बोलतात असे नव्हे. ओरडा बसेल या भीतीने आणि खरोखरच न आठवल्याने कमी सांगतात. ओरडणाऱ्या आहारतज्ज्ञाला म्हणूनच खरी माहिती कधी मिळत नाही. टीव्हीवर आणि रील्समध्ये ग्राहकाला झापणारे जे तज्ज्ञ लोकप्रिय आहेत, त्यांनी या व्यवसायाचे केलेले नुकसान मोजता येण्यासारखे नाही.

तेलाबद्दल तर माणशी विचारूच नये. घरात महिन्याला किती येते ते विचारावे. चार माणसांत पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी दिवसाला चाळीस मिलिलिटरच्या वर जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माप तीस ग्रॅमच्या आतबाहेर आहे. ‘आम्ही अगदी कमी तेलाचं खातो’ हे वाक्य या एका हिशेबापुढे टिकत नाही, आणि कुणाला खोटे ठरवावेही लागत नाही.

शिवाय घर. पुरुष रुग्ण मोबाइल बघत बसतो आणि बायको वहीत लिहून घेते, हे दृश्य प्रत्येक दवाखान्यातले. ‘हे ऐकतच नाहीत’ ही तिची तक्रार आणि ‘ही करते तेच खातो’ ही त्याची. दोघांशी पाच-पाच मिनिटे स्वतंत्र बोलल्याशिवाय यातले खरे काय ते कळत नाही. तीच बाई स्वतःसाठी आली की प्रश्न बदलायला हवेत. ती कधी जेवते, सगळ्यांनंतर का, भाजी संपली तर कशाबरोबर जेवते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया, ५४ टक्के, रक्तक्षय असलेल्या आढळल्या. त्यांना रात्रीचे जेवण सोडायला सांगणारा तक्ता कोणत्या शास्त्रात बसतो? सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून ती महिन्याला किती दिवस साबुदाण्यावर काढते, हे तरी विचारले का? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. उपवास सोडा म्हणणारा आहारतज्ज्ञ दुसऱ्या भेटीला दिसत नाही. वरी, राजगिरा, शेंगदाणे आणि ताक यांत उपवास बसवून देणाऱ्याकडे लोक परत येतात. ‘दीक्षित की दिवेकर’ या डाएटच्या वादाने एके काळी मराठी घरांत निवडणुकीइतकी रंगत आणली होती. समोरच्या माणसाने यातले काय, किती दिवस केले आणि का सोडले, यात त्याच्या पुढच्या यशापयशाची निम्मी माहिती असते. आणि पगार? क्विनोआ, अॅव्होकॅडो आणि चिया लिहिण्याआधी किराणा कोण आणतो आणि उधारी कुठे चालते, हे विचारायला लाजू नये. ज्वारी, हरभरा, मेथी, अंडे यांत काम भागते.

एक प्रश्न मात्र पहिल्या भेटीत आलाच पाहिजे, विशेषतः लग्न ठरलेल्या आणि ‘दोन महिन्यांत दहा किलो’ मागणाऱ्या मुलींसमोर. खाण्याशी असलेले नाते बिघडले आहे का? लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये यासाठी पाच साधे प्रश्न दिले. मुद्दाम ओकून काढता का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची भीती वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन घटले का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटता का, आणि डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार असतात का. दोन उत्तरे होकारार्थी आली तर चार्ट बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे. दोन मिनिटांचे काम. ते न करता अशा मुलीच्या हातात उष्मांकांचा तक्ता देणे म्हणजे तिच्या आजाराला हत्यार पुरवणे आहे.

या सगळ्यानंतर पहिल्या भेटीच्या अखेरीस हातात काय पडावे? एक किंवा दोन बदल, तेही त्या माणसाने स्वतः निवडलेले. गोळ्यांबद्दल शंका असेल तर त्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी. दुसऱ्या भेटीची तारीख. बस. पूर्ण आखणी तीन दिवसांची खाण्याची नोंद हाती आल्यावर. ‘पैसे घेतले आणि चार्टच दिला नाही’ अशी तक्रार होणार, हे आम्हाला ठाऊक आहे. आहारतज्ज्ञांची ही अडचण खोटी नाही. ग्राहकाला कागद हवा असतो, ऐकून घेण्याचे पैसे द्यायला तो तयार नसतो. जिममधला प्रशिक्षक आणि पावडरचे डबे विकणारा शेजारी हे दोघेही चार्ट फुकट देतात, तेव्हा पाच वर्षे शिकून आलेल्या मुलीने पाऊण तासाची फी मागायची कशी? मोठ्या रुग्णालयांत तिची अवस्था आणखी वाईट. बाह्यरुग्ण विभागात रांग लावून तिच्याकडे माणसे पाठवली जातात आणि तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘आहारसल्ला मोफत’ अशी ओळ छापली जाते. मोफत म्हटले की त्याला वेळ द्यायला नको, हा हिशेब व्यवस्थापनाचा.

म्हणून हा प्रश्न केवळ व्यक्तींच्या सचोटीवर सोडता येणार नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना आपल्या यादीत घेतले आणि नोंदणीसाठी राज्यांच्या परिषदा कल्पिल्या. मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या जादूई उपचारविरोधी कायद्याने केव्हाच बंदी घातली आहे. ‘शुगर मुळापासून घालवा’ हे फलक तरीही उड्डाणपुलांखाली लटकतात. म्हणजे कायदे आहेत. पहिल्या भेटीत काय घडले पाहिजे, याबद्दल मात्र कुठेच अवाक्षर नाही. औषधांची यादी, आधीचे आजार, कमरेचा घेर, अलीकडचे रक्त-तपासणी अहवाल, चोवीस तासांचा आहार आणि खाण्याच्या विकाराची चाचपणी एवढी एका पानाची नोंद झाल्याशिवाय कुणालाही आहाराचा तक्ता देऊ नये, असा नियम राज्य परिषदेने करावा. त्या नोंदीची प्रत रुग्णाला मिळावी, म्हणजे तो ती डॉक्टरांना दाखवू शकेल. डॉक्टरांनीही आपला वाटा उचलावा. मधुमेहाच्या केसपेपरवर शेवटी ‘डाएट ॲडव्हाइज्ड’ असे दोन शब्द खरडले जातात. तो सल्ला कुणी दिला, किती वेळ दिला आणि कोणत्या गोळ्या पाहून दिला, हे त्याखाली लिहिण्याची सक्ती रुग्णालयांवर व्हायला हवी, आणि तिची सुरुवात सरकारी रुग्णालयांपासून करायला आरोग्यमंत्र्यांना नवा कायदाही लागत नाही.