एक्कावन्न टक्के

घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारी माणसे आहेत, असे कोणी सांगितले तर आपण त्याची चेष्टाच करू. अमेरिकेत मात्र याचे नवल उरलेले नाही. १९५३ साली मिलवॉकी येथे पॉल पोबरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची संघटना काढली. आज तिचा मेळावा दर उन्हाळ्यात ऑशकॉशला भरतो. कारखान्यातून सुट्या भागांचा संच मागवायचा आणि वर्षानुवर्षे सुट्टीचे दिवस त्यात घालवायचे. पत्र्याला भोक पाडा, भोकाची कड घासा, रिव्हेट बसवा. एकाने पुढून ठोकायचे, दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा धरायचा. वाकडे बसले तर काढून पुन्हा. दोन आसनांच्या विमानात अशी रिव्हेटे हजारोंनी असतात.

मला त्यातला कायदा विशेष आवडला. विमानाच्या बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असले पाहिजे, आणि तेही केवळ शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी! इंजिन विकत घ्या, चाके विकत घ्या. पण उरलेल्या कामातला मोठा वाटा तुमच्या हातचा हवा. बोलीत याला 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम' म्हणतात. काम झाल्यावर तपासनीस येतो. दाराजवळ 'प्रायोगिक' अशी ठळक अक्षरे लिहावी लागतात. पहिले काही तास ठरवून दिलेल्या हद्दीतच, उतारू न घेता उडावे लागते.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. तयार संच आणून नव्हे, स्वतःच्या कल्पनेने. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. सरकारी नोंदणीला नोव्हेंबर २०१७ उजाडला. मराठी माणसाने विमान बांधले म्हणून आपण मान ताठ केली, आणि परत गाइड उघडले!

मित्रहो, हा नियम आपल्या पदवीला लावला तर? मूळ ग्रंथ न चाळता दादाच्या वहीतून उतरवलेल्या टिपणांत एक्कावन्न टक्के आपले निघतील काय? शिक्षकांनी संदर्भ द्यावेत, ग्रंथालयाने पुस्तके द्यावीत. ती आपली इंजिने आणि चाके. जोडणी मात्र आपली हवी. प्राध्यापकांनाही एक विनंती: आमचे वाकडे रिव्हेट दिसले तर उत्तर लिहून देऊ नका, ते काढून पुन्हा बसवायला सांगा.

कोणी म्हणेल, उत्तरपत्रिका चुकली म्हणून कोणी आकाशातून कोसळत नाही. खरे आहे. पण उद्या आपल्यातलेच कोणी शिक्षक होतील, कोणी वकील, कोणी पत्रकार. तेव्हा मागच्या आसनांवर माणसे बसलेली असतील, आणि आपल्या दारावर 'प्रायोगिक' ही अक्षरे नसतील.