पाहुण्यांसाठी हॅमचे खुसखुशीत रोल

मैत्रिणींनो, पहिल्यांदा हे रोल केले तेव्हा सवयीने चिमूटभर मीठ घातलं आणि पाहुणे सारखं पाणीच मागत राहिले! खारवलेलं हॅम मुळात मिठात मुरलेलं असतं. वरून मीठ मुळीच नको.

पफ पेस्ट्रीची थंडगार शीट पसरा. १ चमचा मस्टर्ड सॉस लावून त्यावर हॅमचे ५-६ पातळ काप आणि मूठभर किसलेलं चीज घाला. गुंडाळी करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. हे टाळू नका. लोणी आधीच वितळलं तर पापुद्रे फुलत नाहीत. धारदार सुरीने बोटाच्या जाडीचे काप करा. २०० अंश सेल्सियसला तापलेल्या ओव्हनमध्ये १५ ते २० मिनिटं, बदामी होईपर्यंत भाजा. गरम असतानाच वाढा. पाणी कुणी मागतं का, तेवढं जरूर कळवा!