निर्मनुष्य आकाशातली भांडणे

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका संगणक-खेळाच्या नावापुढची पाटी बदलली आणि खेळाडूंच्या जगात तिची मोठी बातमी झाली. खेळाचे नाव ‘नो मॅन्स स्काय’. पाटी ‘स्टीम’ या संगणक-खेळांच्या दुकानातली. या दुकानात मत दोनच प्रकारचे देता येते: शिफारस करतो किंवा करत नाही. शंभरातले ऐंशी जण शिफारस करू लागले की दुकान त्या खेळापुढे ‘अतिशय अनुकूल’ अशा अर्थाची पाटी लावते. बऱ्या खेळांना ही पायरी चढायला आठवडा पुरतो. या खेळाला आठ वर्षे लागली.

या आठ वर्षांची हकिगत आता एका ठरीव साच्यात सांगितली जाते. कंपनीने वचन मोडले, लोक खवळले, कंपनीने मुकाट्याने काम केले, लोकांनी क्षमा केली. हकिगत खोटी नाही. पण ती ऐकणाऱ्याचा असा समज होतो की, भांडण एकच होते आणि ते मिटले. मी या खेळात बराच हिंडलो आहे आणि त्याविषयीची कडाक्याची मते दोन्ही बाजूंनी ऐकत आलो आहे. मला वाटते, मिटले ते भांडण त्यातल्या त्यात सोपे होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तुम्ही एका परक्या ग्रहावर, मोडक्या यानाशेजारी जागे होता. यान दुरुस्त करता आणि निघता. कुठे जायचे ते तुमचे तुम्ही ठरवायचे. वाटेत ग्रह लागतात, त्यांवर वनस्पती, प्राणी, गुहा, समुद्र. जे प्रथम पाहाल त्याला नाव देण्याचा मान तुमचा. शत्रू मारणे हा इथला मुख्य धर्म नव्हे. हिंडणे हा आहे. असे ग्रह किती? दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजार कोटी-कोटी. बुद्धिबळाच्या शोधाची दंतकथा आपण लहानपणी ऐकलेली असते. पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि चौसष्टाव्या घरापर्यंत पोचता पोचता राजाची कोठारे रिती. त्या सर्व दाण्यांची बेरीज आणि या खेळातल्या ग्रहांची संख्या यांत बरोबर एकाचा फरक आहे. दर सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी सगळे पाहायला सुमारे ५८,४०० कोटी वर्षे लागतील. आपल्या विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे!

अर्थात एवढे ग्रह कुणी रेखाटून ठेवलेले नाहीत. प्रत्येक ग्रहाला एक आकडा आहे. खेळाडू जवळ गेला की गणिती सूत्रे त्या आकड्यावरून डोंगर, हवा, गवत, प्राणी जागच्या जागी घडवतात. तो निघून गेला की सारे पुसले जाते. पुन्हा गेला तर तेच सूत्र आणि तोच आकडा, म्हणून डोंगरही तोच. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

हा खेळ करणारी ‘हॅलो गेम्स’ ही इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची छोटी कंपनी. खेळ बाजारात आला तेव्हा तिथे पंधराएक माणसे होती. ७ डिसेंबर २०१३ रोजी एका पुरस्कार सोहळ्यात खेळाची पहिली झलक दाखवली गेली आणि तिने भल्याभल्यांना वेड लावले. त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या दिवशी, कंपनीच्या कार्यालयात पुराचे पाणी शिरले. २०१४ पासून सोनीसारखी बलाढ्य कंपनी पाठीशी उभी राहिली. कंपनीचा प्रमुख शॉन मरे मुलाखतींतून बोलू लागला, आणि इथेच पेच झाला. हा काही सराईत विक्रेता नव्हता. स्वतःच्या स्वप्नात रमलेला, थोडा बुजरा वाटणारा अभियंता होता. त्याला विचारले जाई, दुसरा खेळाडू भेटेल का? तो म्हणे, भेटेल, पण विश्व एवढे मोठे की शक्यता फार थोडी. झलकांमध्ये महाकाय प्राण्यांचे कळप होते, आकाशात ताफ्यांच्या लढाया होत्या, वाळूतून उसळणारा अजस्र किडा होता. उरलेले चित्र पाहणाऱ्याने आपापल्या मनात पुरे केले. मे २०१६ मध्ये खेळ दोन महिने लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले, तेव्हा मरेला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ज्या वस्तूला अजून हात लागलेला नाही ती आपल्याकडून हिरावली गेल्याचा हा संताप!

ऑगस्ट २०१६ मध्ये खेळ आला, साठ डॉलरला, म्हणजे शेकडो माणसांच्या कंपन्या आपल्या खेळांना लावतात त्याच भावात. एकट्या स्टीमवर एकाच वेळी २ लाख १२ हजार लोक खेळत होते. आणि विक्री सुरू होताच एक विलक्षण प्रकार घडला. दोन खेळाडूंना योगायोगाने कळले की, आपण जवळजवळच आहोत. दोघे ठरवून एकाच ग्रहावरच्या एकाच जागी गेले, एकाच वेळी उभे राहिले. दोघांनाही दुसरा दिसला नाही. शक्यता थोडी नव्हती, नव्हतीच. काही आठवड्यांत गर्दी काही हजारांवर आली आणि कंपनीने तोंड मिटून घेतले.

सदनिका घेताना माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव निळाशार दिसतो आणि ताबा घेताना तिथे पाण्याची टाकी असते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या संतापाची जात समजावून सांगायला नको. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे २३ तक्रारी गेल्या. ३० नोव्हेंबर २०१६ च्या निर्णयात प्राधिकरणाने कंपनीला निर्दोष ठरवले. खेळच असा की, प्रत्येकाला दिसणारे विश्व वेगळे, त्यामुळे जाहिरातीतले नेमके दृश्य आपल्याला दिसेलच असे ग्राहक धरून चालणार नाही, असा साधारण युक्तिवाद. तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण प्राधिकरणापुढे प्रश्न स्टीमवरच्या जाहिरातीचा होता. लोक चिडले होते ते तीन वर्षांच्या बोलण्यावर.

पुढचा भाग कौतुकाचा आहे. नोव्हेंबर २०१६ पासून कंपनीने सुधारणांची जी रांग लावली ती आजवर थांबलेली नाही, आणि त्यांपैकी एकीसाठीही जुन्या ग्राहकाला वेगळा पैसा मोजावा लागला नाही. आधी घर बांधण्याची सोय आली, मग वाहने. जुलै २०१८ मध्ये दुसरा खेळाडू खरोखर दिसू लागला. २०२० मध्ये तो वाळूतला किडासुद्धा आला. २०१९ च्या उन्हाळ्यात खेळाडूंनी वर्गणी काढून कंपनीच्या कार्यालयाजवळ आभाराचा मोठा फलक लावला. हे सगळे मान्य करूनही मी एक म्हणेन, याला थकबाकी चुकती करणे म्हणतात. कर्जदाराने व्याजासकट परत केली म्हणून आपण त्याला दानशूर म्हणत नाही. ज्याने २०१६ मध्ये पुरे पैसे मोजले आणि कंटाळून चकती विकून टाकली, त्याच्या हाती यातले काही आलेले नाही. शिवाय ही क्षमेची कथा साऱ्या धंद्याला फार सोयीची झाली. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ इतक्या मोडक्या अवस्थेत आला की, सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला. तेव्हा धीर देणारे म्हणत होते, थांबा, ‘नो मॅन्स स्काय’चे काय झाले आठवा. तोही पुढे सुधारला. पण आधी विका आणि मग पुरे करा, ही रीत पंधरा माणसांच्या चिकाटीच्या नावावर खपू लागली, हे काही बरे झाले नाही.

असो. वचनाचे भांडण असे मिटले. मग जे शंभरातले वीस अजूनही ‘नाही’ म्हणतात त्यांचे काय? त्यांतले काही जुने मतदार, हे खरे. पण बरेचजण आजचा, सगळ्या सुधारणांसकटचा खेळ खेळून नकार देतात. त्यांची तक्रार अशी की, यात शोधण्यासारखे काही नाही. पहिले दहा ग्रह पाहताना श्वास रोखला जातो. तीस-चाळीस पाहून झाले की सांधे दिसू लागतात: तेच पाय दुसऱ्या धडाला जोडलेले, तेच शिंग वेगळ्या रंगात. मूळ खेळात आकाशगंगेच्या केंद्राकडे जाण्याची ओढ लावलेली होती. शेकडो उड्या मारून जे तिथे पोचले त्यांना काय मिळाले? दुसरी आकाशगंगा आणि पुन्हा मोडके यान.

ही तक्रार या खेळापेक्षा जुनी आहे. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ हा अंतराळ-व्यापाराचा खेळ केला. संगणकाची सारी स्मृती ३२ किलोबाइट, तरी सूत्रांच्या बळावर त्यात दोनाच्या अठ्ठेचाळिसाव्या घाताइतक्या आकाशगंगा मावत होत्या. प्रकाशकाने त्या आठावर आणायला लावल्या, प्रत्येकीत २५६ तारे. एवढी मोठी संख्या दाखवली तर सगळे सारखेच आहे हे लोकांच्या ध्यानात येईल, ही त्याची भीती. एका प्रकाशकाला चाळीस वर्षांपूर्वी जे कळले ते पुढे विसरले गेले.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ आला, हजाराहून अधिक ग्रह घेऊन, आणि भांडण पुन्हा पेटले. ग्रह ओसाड आहेत, असे खेळाडू म्हणाले. कंपनीच्या बाजूने उत्तर आले की, चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनाही तिथे काही सापडले नव्हते, पण ते कंटाळले नव्हते. उत्तर चतुर आहे, पण फसवे आहे. अपोलोचे यात्री प्राणवायूचे तास मोजत होते, दगड गोळा करत होते आणि परतीचे एंजिन सुरू होईल की नाही याची खात्री नसताना तिथे उभे होते. त्या रितेपणाला अर्थ आला तो तिथे पोचण्याच्या कष्टांमुळे. खेळात तो एका बटणावर मिळतो.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे २०१९ चा ‘आउटर वाइल्ड्स’. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्याच्या प्रबंधातून उगवलेला हा खेळ २०२० मध्ये ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्तम खेळ ठरला. त्यात एकच चिमुकली सूर्यमाला, बोटांवर मोजण्याइतके ग्रह. दर बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खेळाडूपाशी उरते ती फक्त त्याला झालेली माहिती. इथला प्रत्येक दगड कुणीतरी विचार करून ठेवलेला आहे. म्हणून तो सापडला की आनंद होतो. पण एकदा उलगडा झाला की खेळ संपला, ही त्याच्या भक्तांचीच खंत. मला विचाराल तर शोधाचा आनंद मला तिथे अधिक मिळाला. पण म्हणून ‘नो मॅन्स स्काय’चे चाहते भ्रमात आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांना कुणी ठेवलेले शोधायचे नसतेच. जिथे आपल्याआधी कुणाची नजर, अगदी निर्मात्याचीही, पोचलेली नाही अशा टेकडीवर उभे राहायचे असते. ती टेकडी त्यांना इथेच मिळते. हे दोन स्वभाव आहेत, आणि वाळूतले किडे वाढवून त्यांच्यातले अंतर भरणार नाही.

आणखी एक गट आहे. त्याच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही, कारण तो संख्येने लहान. या लोकांना २०१६ चा मूळ खेळच आवडला होता. ना घर, ना सोबती, ना बाजार. एक माणूस, एक यान आणि निर्मनुष्य आकाश. दुसरा कुणी दिसत नाही ही इतरांची फसवणूक होती, यांच्या लेखी तोच खेळाचा प्राण होता. आता सामाईक अवकाशस्थानकावर अनोळखी खेळाडूंची वर्दळ असते, मोहिमा असतात, बक्षिसे असतात. सोबतीची सोय बंद करता येते. पण सोबती नाहीतच अशा बेताने रचलेले विश्व त्याने परत येत नाही.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट ग्रहांची. सुरुवातीच्या वर्षांतल्या मोठ्या सुधारणांबरोबर सूत्रे बदलली. आणि सूत्र बदलले की आकडा तोच राहूनही ग्रह दुसराच होतो. नाव दिलेले हिरवे कुरण परत येऊन पाहावे तर वैराण, बांधलेले घर डोंगराच्या पोटात. पुढे कंपनी शहाणी झाली. जानेवारी २०२५ च्या सुधारणेत नवे ग्रह नव्या ताऱ्यांभोवती ठेवले, जुन्यांना फारसा धक्का न लावता. पण जे गेले ते गेले. छापलेले पुस्तक लेखक घरी येऊन बदलू शकत नाही. या खेळाचे मालक ते रोज करू शकतात, आणि बहुसंख्यांना बदल आवडला की उरलेल्यांची तक्रार कुरकुर ठरते. पहिली आवृत्ती आज प्लेस्टेशनच्या जुन्या चकतीत आहे, तीही यंत्र इंटरनेटपासून तोडले तरच. ज्याने ती न घेता दुकानातून थेट संगणकावर उतरवून घेतली त्याला सोपा मार्ग नाही.

हा हट्ट विक्षिप्त म्हणून झटकता येणार नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे धोशा लावला, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये त्या कंपनीने खेळाचे सुरुवातीच्या वर्षांतले रूप पुन्हा खुले केले आणि लोकांनी तिथे रांगा लावल्या. ‘माइनक्राफ्ट’च्या संगणकावरच्या मूळ आवृत्तीत तर कुठले जुने रूप खेळायचे ते खेळाडूच निवडतो. हॅलो गेम्सने २०१६ चे आकाश असेच एका कोपऱ्यात उघडे ठेवावे, अशी माझी सूचना आहे. तिथे शेकडा किती लोक जातील हा हिशेब इथे लागू नाही. पैसे त्यांनीही मोजले होते.

७ डिसेंबर २०२३ रोजी, पहिल्या झलकेनंतर बरोबर दहा वर्षांनी, शॉन मरे पुन्हा एका पुरस्कार सोहळ्याच्या मंचावर उभा राहिला. नव्या खेळाचे नाव त्याने ‘लाइट नो फायर’ असे सांगितले. त्यातही सूत्रांनी घडवलेले जग आहे आणि सगळ्या खेळाडूंनी ते मिळून हिंडायचे आहे. या वेळी त्याने पृथ्वीएवढा एकच ग्रह कबूल केला आहे.