प्रवरेकाठची माउली

मुलांनो, आषाढी एकादशीच्या पाच-सहा दिवस आधी नातेपुत्यात पाय ठेवायला जागा नसते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम पडतो तो नातेपुत्यालाच. पाणी देणाऱ्या पोराला वारकरी 'माउली' म्हणतो, पोरगंही त्याला 'माउली'च म्हणतं. नातेपुत्याच्या वाचकांना हे मी काय सांगावं! पण 'माउली'च्याच नावानं भरणारी आणखी एक मोठी यात्रा महाराष्ट्रात आहे आणि ती ख्रिस्ती लोकांची आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

त्यासाठी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात जायला हवं. श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव नावाचं गाव आहे. एके काळी साखर कारखान्यासाठी ते प्रसिद्ध होतं. ८ सप्टेंबर हा येशूची आई मारिया हिचा जन्मदिवस. त्या सुमारास हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. १९४९ सालापासून ती चालू आहे. नऊ दिवस आधी प्रार्थना सुरू होतात. गावोगावचे लोक येतात, कित्येकजण तर पायी. मेणबत्त्या, नवस, पाळणे, खेळण्यांची दुकानं... आपली जत्राच की!

हा सगळा मुलूख प्रवरा नदीचा. ती रतनगडाजवळ उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते, संगमनेरवरून खाली येते. तिच्या काठी माणूस फार जुन्या काळापासून राहतोय. दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना चार कांस्य वस्तू सापडल्या. बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं वजन मिळून साठेक किलो! पुढे नेवाशाला याच नदीकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके १२१२ मध्ये. म्हणजे नातेपुत्याला जिची पालखी येते ती माउलीही प्रवरेचीच म्हणायची.

मग या काठावर ख्रिस्ती वस्ती कशी झाली? उत्तर सोपं नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. मिशनऱ्यांनी अन्न दिलं, शाळा काढल्या. काहींना भुकेनं तिकडे नेलं, काहींना शाळेनं, काहींना खऱ्या श्रद्धेनं. यातली बरीच कुटुंबं महार आणि मांग समाजातली होती. त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत बाकीच्यांसोबत बसू दिलं जात नव्हतं आणि देवळाची पायरीही चढता येत नव्हती. हे कानाआड करू नका. पंढरपूरला चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. विठोबाचं देऊळ दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. एवढी वाट पाहण्याआधीच कुणी प्रार्थनेसाठी दुसरा दरवाजा शोधला, तर त्याला परका कसं म्हणायचं?

पण दरवाजा बदलला तरी गाणं बदललं नाही, ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. राहुरीला, मुळा नदीच्या काठी, ते आणि लक्ष्मीबाई काही वर्षं राहिले. (ही मुळा पुढे प्रवरेलाच मिळते. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर आईबाबांकडून राहुरीचे प्रसंग वाचून घ्या. हसूनहसून पुरेवाट होईल!) तुकोबांच्या अभंगांवर टिळकांचं अतोनात प्रेम. इंग्रजी चालीवर बेतलेली भाषांतरित स्तोत्रं आपल्या लोकांच्या गळ्यात बसत नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि येशूवर मराठी भजनं आणि अभंग रचले. आजही मराठी चर्चमध्ये ती म्हटली जातात.

तुमच्या वर्गात एखादा ख्रिस्ती मित्र किंवा मैत्रीण असेल, तर त्याला किंवा तिला घरी म्हटलं जाणारं एखादं भजन म्हणून दाखवायला सांगा. तुम्ही पालखीतला अभंग म्हणा. शाळेच्या नकाशात दोन्ही वाटा पेन्सिलीनं काढून पाहा. एक आळंदीहून नीरा ओलांडून नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूरला जाणारी. दुसरी प्रवरेच्या उगमापासून काठाकाठानं नेवाशापर्यंत, आणि वाटेत श्रीरामपूरहून थोडं उत्तरेला वळून हरेगावपर्यंत.