सूर बोटांत, मग तारेखाली काय?

भिलाईच्या एखाद्या सेक्टरातल्या पोराने आपल्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप बदललं, की गणेशोत्सवाच्या तालमीत दोन शेरे हमखास कानावर येतात. जुने वादक म्हणतात, "सूर बोटांत असतो, त्या डबीत नाही." बाजाराच्या नादी लागलेले म्हणतात, "अमेरिकन पिकअप टाक, गिटार बोलायला लागेल." हे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध उभे दिसतात, पण दोघांची चूक एकच आहे: पिकअप करतं काय, हे न पाहताच दोघे निकाल देऊन मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की पिकअप जरूर बदलून पाहावं. मात्र तो प्रयोग असावा, नवस नसावा.

आधी बोटांचा पक्ष. त्यात तथ्य आहेच. प्लेक्ट्रमचा कोन, तार ओढण्याची ढब, डाव्या हाताचा दाब यांमुळे एकच गिटार दोन हातांत दोन तऱ्हांनी वाजते. पण बोटं तार हलवतात, तिथे त्यांचं काम संपतं. पुढचं काम पिकअपचं, म्हणजे चुंबक आणि त्याभोवतीच्या तांब्याच्या वेढ्यांचं. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच. त्याच गिटारवर नायलॉनच्या तारा चढवा आणि जगातल्या सर्वोत्तम बोटांना वाजवायला सांगा. अँपमधून चकार शब्द निघणार नाही. पिकअपने जे टिपलंच नाही, ते बोटं मागाहून कुठून आणणार?

याचा सर्वांत चांगला दाखला 'क्वीन' बँडच्या ब्रायन मेने घालून दिला आहे. १९६३ मध्ये त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली, पिकअपसुद्धा स्वतःच केली. पण तार आडवी ओढली की त्यांतून नको तो आवाज येई. तेव्हा त्याने बर्न्स कंपनीची ट्राय-सॉनिक पिकअप आणून बसवली. बोटं तीच, लाकूड तेच, वादकही साधासुधा नव्हे. तरी दोष गेला तो पिकअप बदलल्यावर. ज्यांच्या बोटांत सूर होता, त्यांनीच हा खटाटोप केला.

आपल्याकडे तर याहून रोखठोक कारण आहे. सिंगल कॉइल पिकअप तारेबरोबर आसपासच्या विजेचाही आवाज टिपतं. मंडपात ट्यूबलाइटचे चोक, डिमर, जनरेटर, कसंबसं केलेलं अर्थिंग. मग दोन ओळींमधल्या शांततेत ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुणगुण गाणाऱ्याआधी सूर धरते. हमबकरमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या असतात आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलटे असतात. त्यामुळे बाहेरची गुणगुण एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. आणि हा उपाय काही नवा नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ मध्ये, पहिली झोतभट्टी सुरू झाली १९५९ मध्ये. गिब्सनच्या सेथ लव्हरने हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तोही १९५५ मध्ये, आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. म्हणजे हा उपाय भिलाईच्याच वयाचा आहे. अशा गुणगुणीवर "रियाज वाढव" हा सल्ला देणं म्हणजे विजेच्या दोषाचं खापर हातावर फोडणं.

आता बाजाराचा पक्ष. त्याचा पहिला दावा असा, की अल्निको चुंबक उत्तम आणि सिरॅमिक हलकं. मग लॅरी डिमार्झिओचं १९७२ चं सुपर डिस्टॉर्शन पिकअप कशावर चालतं? सिरॅमिकवरच, आणि बदली पिकअपच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं येतं. दुसरा दावा, जास्त 'हॉट' तितकं चांगलं. वेढे वाढवले की आवाजाचा जोर वाढतो हे खरं, पण इंडक्टन्सही वाढतो आणि वरच्या पट्टीतली धार खाली सरकते. जोर मिळाला, चमक गेली.

तिसरा दावा सर्वांत फसवा: टोन पिकअपमध्ये भरून येतो. वास्तविक पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक पट्टीला उठाव देतात. हमबकर ४.४ हेन्रीचं, केबल मीटरमागे १०० पिकोफॅरडची आणि पिकअपच्या आतली आणखी १०० धरली, तर ३ मीटरच्या केबलवर हा उठाव ३.८ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. केबल ६ मीटरची केली की तोच २.९ वर उतरतो. पिकअपला हातही न लावता आवाज मंद झाला! नुसत्या नावावर पैसे मोजणाऱ्याने निदान आपल्या गावाकडे पाहावं. भिलाईचा रूळसुद्धा कारखान्याच्या लौकिकावर गाडीत चढत नाही. अल्ट्रासॉनिक तपासणीत उतरावा लागतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: स्वस्त गिटारीवर महाग पिकअप कशाला? मान वाकलेली असेल, खुंट्या सरकत असतील, वरच्या पडद्यांवर स्वर चुकत असेल, तर पिकअप तो बेसूरपणा अधिक स्पष्ट ऐकवेल, बस. तिथे पैसे घालू नयेत. पण मान सरळ असेल तर हा खर्च बुडीत नाही. जुनं पिकअप जपून ठेवा. पटलं नाही तर परत बसवता येतं, आणि नवं पुढच्या गिटारीत नेता येतं. बदल उलटवता येणं हीच तर प्रयोगाची सोय.

प्रयोग करायचा तर रीत पाळावी. आधी तक्रार कागदावर लिहावी: गुणगुण आहे, आवाज चिखलासारखा आहे, की कर्कश आहे? "टोन सुधारायचा आहे" ही तक्रार होत नाही. मग फुकटाचे उपाय करावेत. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपपासूनचं अंतर पाहावं. सिंगल कॉइलला साधारण २ मिलिमीटर ठीक; त्याहून फार जवळ गेल्यास चुंबक तारेलाच खेचतं आणि स्वर भरकटतो. त्यानंतर स्वस्तातले उपाय: नव्या तारा, हमबकरला ५०० किलोओहमचं पॉट, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे ४७० किलोओहमचं पॉट आणि '२२३' छापलेला कपॅसिटर मिळाला तरी काम भागतं. एवढ्यावरही तक्रार उरली तर पिकअप काढावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा हे कळत नाही.

निकालही कानाला फसू न देता लावावा. जरा मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या रेकॉर्डिंगची पातळी सारखी करून, कोणतं कोणतं हे न सांगता मित्राकडून ऐकवून घ्यावं. असा न पाहता जो फरक ओळखता येत नाही, त्यासाठी बाजाराला एक पैसाही देऊ नये. आणि जो दर वेळी ओळखता येतो, तो बोटांच्या नावाने नाकारण्याचा अधिकार कुठल्याही बुजुर्गाला नाही.